याकोब मिस्त्रींच्या खिशातली कडी

नगरकडच्या कर्जतला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. इथं माणसं दोनच कारणांनी येतात. एक तर भांडण झालेलं असतं, नाही तर करायचं असतं. माझा स्वभाव आधीच तिरसट, त्यात दिवसभर लोकांची भांडणं टाईप करायची, त्यामुळे गिऱ्हाईक दारात दिसलं की माझ्या कपाळाला आपोआप आठी पडते. भांडण होऊच नये म्हणून कागद करून घ्यायला आलेला माणूस मी आजवर एकच पाहिला. ते याकोब मिस्त्री. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं.

मिस्त्री दारं-खिडक्या करायचे. कानावर चपटी पेन्सिल, खिशात घडीची पट्टी. रविवारी चर्चला जाताना इस्त्रीचा सदरा असायचा, पण पेन्सिल कानावर तशीच. पाळक साहेबांनी एकदा टोकलं, तर म्हणाले, "साहेब, आपला धनी पन सुतारच हुता. त्याला पेन्सिल दिसली तर बरंच वाटंल."

पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकाची खुर्ची आधी हलवून पाहिली. मग ती उलटी केली, पिशवीतून लाकडाची एक पाचर काढून पायाच्या सांध्यात ठोकली, पुन्हा हलवून पाहिली आणि मगच बसले.

"ताई, एक नोटीस लिहायचीय."

"कुणी बुडवलं?"

"कुनीच न्हाई."

"मग काम अडलंय का?"

"काम अजून सुरूच झालं न्हाई. पुढच्या आठवड्यात चौकट बसवायचीय."

मी की-बोर्डवरचे हात काढून घेतले. असलं गिऱ्हाईक मला नवं होतं.

झालं होतं असं, की त्यांच्या मेव्हण्याचा मुलगा, डॅनियल, अमेरिकेत एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात होता. दर रविवारी फोन करायचा. त्यानं सांगितलं, की तिकडं घराला लाकूड पुरवणारा, फरशी बसवणारा, प्रत्येक जण कामाच्या सुरुवातीलाच घरमालकाला कागद पाठवतो. तुमच्या घरावर मी अमुक ठेकेदाराच्या हाताखाली काम करतोय, त्यानं माझे पैसे दिले नाहीत तर तुमच्या घरावर बोजा चढवायचा हक्क माझा राहील. असा कागद वेळेत दिला नाही तर तो हक्क बुडतो. आणि गंमत म्हणजे मालक चिडत नाही. कागद फायलीला लावतो आणि गप्प बसतो.

"तिकडं दरवाजाच्या आधी नोटीस येती, ताई. आपल्याकडं दरवाजा बसतो, ठेकेदार पळतो, आन् मालक म्हनतो तू कोन? आधी सांगितलं असतं तर कशाला तोंड वाईट झालं असतं?"

शेजारच्या गाळ्यातले वकील चहा घेत उभे होते. ते इतके हसले की चहा सदऱ्यावर सांडला. "मिस्त्री, तो कायदा अमेरिकेचा! इथं तुमच्या ह्या कागदाला कुत्रं विचारणार नाही."

"नसू दे कायदा," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "आमच्या चर्चात लग्नाआधी तीन रविवार पुकारा होतो. ह्याचं तिच्याशी लग्न हाय, कुनाची हरकत असंल तर आत्ताच सांगा. माझ्या आयुष्यात कुनी हरकत घेतलेली मी पाह्यली न्हाई. म्हनून पुकारा बंद केला का? लग्नाला चालतंय तर दरवाजाला का नको? लग्नं मोडल्याली मी पाह्यलीत. माजा दरवाजा मोडल्याला दाखवा."

वकील सदरा पुसत निघून गेले आणि मी टाईप करायला घेतलं. मजकूर मिस्त्रींनीच सांगितला. शेवट असा होता: "आज रोजी आपले माझे काहीही भांडण नाही. पुढे होऊ नये म्हणून आधी कळवत आहे. घरात सर्वांना नमस्कार." मी म्हटलं, नोटिशीत नमस्कार घालत नाहीत. ते म्हणाले, "मंग नोटीस कशाला, शिवीच लिवा की!" नमस्कार राहिला. पुढे जिल्ह्याचं नाव बदललं, पत्त्यात अहमदनगरचं अहिल्यानगर करावं लागलं, पण तो नमस्कार मी कधी काढला नाही.

पहिली नोटीस गेली एका प्राथमिक शाळेच्या गुरुजींना. रजिस्टर पोस्टानं. पोस्टमननं दारातूनच आरोळी मारली, "गुरुजी, नोटीस!" झालं. पाकीट फोडायच्या आधीच गुरुजींच्या आईनं गळा काढला. गुरुजींचा धाकटा भाऊ गरम डोक्याचा, त्याला वाटलं ही शेजाऱ्यानंच बांधावरनं केलेली केस. तो तसाच शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन ओरडायला लागला, "कोर्टात जातोस व्हय? जा! सगळं भाईर निघू दे!" शेजारी बिचारा जेवत होता. सगळं बाहेर निघालं असं समजून त्यानं हातातला घास ताटात ठेवला आणि कबूल केलं की बांधाचा दगड त्याच्या वडलांनी रातोरात सरकवला होता. चार माणसांदेखत दगड जागेवर गेला. कित्येक वर्षं न मिटलेला तंटा मिटला आणि मग गुरुजींनी पाकीट फोडलं. आत दरवाजाची नोटीस, आणि घरात सर्वांना नमस्कार.

तेव्हापासून तालुक्यात बोललं जाऊ लागलं, की याकोब मिस्त्रींची नोटीस लाभते.

आपल्याकडे चौकट उभी करताना तिची पूजा करतात. हळदीकुंकू, नारळ, सुताराला टॉवेल-टोपी. मिस्त्री टोपी घ्यायचे, नारळ फोडायच्या वेळी दोन पावलं मागे सरकून डोळे मिटून स्वतःची प्रार्थना म्हणायचे आणि पुन्हा पुढे येऊन ओळंबा लावायचे. दोन्ही बाजूंना त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. आता बायका त्या पूजेत नोटीसही ठेवायला लागल्या. एकीनं तिला कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं. एकानं लॅमिनेशन करून घेतलं, तेही माझ्याच दुकानातून. एक गृहस्थ तर तणतणत आले. त्यांच्या ठेकेदारानं दुसराच सुतार लावला होता, त्यामुळे त्यांना नोटीस आली नव्हती. "पावण्यारावळ्यांत काय तोंड दाखवू? मिस्त्रीच्या नावानं एक छापून द्या!"

मी हे हसत हसत मिस्त्रींना सांगितलं. ते हसले नाहीत. "लोकं वाचत न्हाईत, ताई. पुजत्यात," एवढंच म्हणाले आणि उगाचच माझ्या टेबलाचा खण ओढून पाहू लागले.

हा माणूस घरातही तसाच होता. त्यांची मुलगी रूथ नगरला नर्स. तिला पाहायला नगरचीच मंडळी आली. मला त्यांनी टायपिंगसाठी नाही, माणूस म्हणून बोलावलं होतं, पण पिशवीत कागद असावेत असं वाटून मी घेऊन गेले होते. पोहे झाले, आणि मिस्त्री उभे राहिले.

"आधी कळवलेलं बरं," म्हणाले. "पोरगी तापट हाय. रागावली की बोलत न्हाई, गानं म्हनती. ते गानं आपल्याला आवडतंय असं दाखवू नका, लई भडकती. सैपाकात मीठ विसरती. आन् लाइट लावून वाचत झोपती. पुढं कुनी म्हनू नये, सांगितलं न्हाई."

आतून "पप्पा!" अशी किंकाळी आली, आणि पाठोपाठ एक गाणं सुरू झालं.

मुलाच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मला वाटलं, उठणार. त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "आमचा घोरतो. आन् भांडन झालं की आईकडं येऊन रडतो." मुलानं मान खाली घातली. मग मुलाची आई पुढे सरकली, "मी बी काय सासू म्हणून बरी न्हाई. आधीच सांगते." संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंनी असं चाललं होतं. पुढे चर्चमध्ये तीन रविवार पुकारा झाला, पण हरकत घ्यायला कुणाजवळ काही शिल्लकच राहिलं नव्हतं. रूथचा संसार आजही छान चाललाय.

मिस्त्रींची एक सवय मात्र मला फार खुपायची. कामाशिवाय ते कुणाच्या घरी जात नसत. नाताळच्या करंज्या द्यायला माझ्याकडे यायचे, तर आधी फडताळाची फळी सरळ करायचे आणि मगच डबा पुढे करायचे. "नुसतं चहाला या" म्हटलं की चेहरा असा व्हायचा, जसं काही मी त्यांना नाचायला बोलावलंय. बायको गेल्यावर घरात एकटे असायचे. तरी सुतारकाम नसलं की ते कुठं जायचे नाहीत. हातात काही नसलं की या माणसाला दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊलच टाकता येत नव्हतं.

आता भानुदासभाऊंचं सांगते.

भानुदासभाऊ आणि मिस्त्री शाळेत एका बाकावर बसलेले. भाऊंचा दुधाचा धंदा. सारी हयात पत्र्याखाली काढून त्यांनी शेवटी राशीनच्या रस्त्याला घर बांधायला काढलं. ठेकेदार नगरकडचा, सगळ्या घराचं काम त्याच्याकडे. त्यानं लाकूडकाम मिस्त्रींना दिलं. आणि मिस्त्रींनी, नियमाप्रमाणे, बालमित्राला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली.

भाऊ पाकीट घेऊन थेट माझ्या दुकानात. "हे तू छापलंस?"

"मी सगळंच छापते, भाऊ."

"शाळंत ह्याच्या डब्यातलं मी खाल्लं, माझ्या डब्यातलं ह्यानं. आन् मला नोटीस? तोंडानं सांगायला काय झालं हुतं?"

दुसऱ्या दिवशी मी हे मिस्त्रींच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "परक्याशी भांडन झालं तर काय, दुसरं गिऱ्हाईक मिळंल. दुसरा भानुदास कुठनं आनू? त्यालाच तर पह्यली द्यायला पायजे." भाऊंना ते पटलं नाही. त्यांनी मिस्त्रींशी बोलणं टाकलं. त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, नवऱ्याचा राग आणि लाभणारी नोटीस दोन्ही सांभाळले. नोटीस दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून, गाठ मारून, चौकट बसवायच्या दिवशी उंबऱ्याखाली ठेवून दिली.

दरवाजा सागवानी झाला. मिस्त्रींनी इतका जीव ओतून केलेला दुसरा दरवाजा माझ्या पाहण्यात नाही. कडी तेवढी लावायची राहिली होती, पितळी, जड, नगरहून मुद्दाम आणलेली. आणि वास्तुशांतीच्या तोंडावर ठेकेदार पळाला. कुणी सुरतेला म्हणे, कुणी हैदराबादला. भाऊंनी त्याला सगळे पैसे चुकते केले होते आणि त्यानं कुणालाच दिले नव्हते.

फरशीवाला, वाळूवाला, वायरमन, सगळे भाऊंच्या दारात. आरडाओरडा. मिस्त्री सर्वांत शेवटी आले आणि बाजूला उभे राहिले. भाऊंचा सगळा राग त्यांच्यावरच निघाला. भाऊंनी मला फोन करून बोलावलं, छापणारी म्हणून साक्षीला.

"बोल! तुझी नोटीस हाय न्हवं? चढव बोजा माझ्या घरावर!"

"मी कुटं काय म्हनलो?" मिस्त्री म्हणाले.

"म्हनायचं कशाला, लिहून दिलंयस की! थांब, तुझी नोटीस तुझ्या तोंडावर मारतो." भाऊंनी पहार उचलली आणि उंबरा उकरायला निघाले.

मिस्त्रींना मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. ते पळाले आणि उंबऱ्यावर आडवे झाले. खरोखर आडवे, चौकटीच्या एका बाजूला डोकं, दुसऱ्या बाजूला पाय.

"नोटीस फाड, जाळ, काय बी कर. पन उंबरा हलवायचा न्हाई! ओळंब्यात बसवलाय. एकदा हलला तर दरवाजा जलमभर घासंल!"

"आरं, पन तुझी नोटीस खाली हाय!"

"ऱ्हाऊ दे खाली!"

"मंग तुझा हक्क कसा शाबीत करशील?"

"नगं मला हक्क! पहार ठेव!"

वाळूवाला हसू आवरत बाजूला गेला. शांताबाईंनी पहार काढून घेतली. मिस्त्री उठले, कपडे झाडले आणि हत्यारांच्या पेटीतून ती पितळी कडी काढून खिशात टाकली.

"घर तुजं, दरवाजा तुजा. येवढी कडी माज्याकडं ऱ्हाईल. ह्योच माजा बोजा."

मला वाटलं, चार दिवसांत भाऊ बाजारातून दुसरी कडी आणतील. शांताबाईंनी तसं सुचवलंही. भाऊ त्यांच्यावरच ओरडले, "नोटीस मी सही करून घेतलीय! दुसरी कडी लावली म्हंजे त्याचा हक्क मी मोडला असं हुईल. आपन भिकारी हाय का?" अमेरिकेतला जो कायदा इथं लागूच नव्हता, तो अख्ख्या कर्जतात फक्त भानुदासभाऊंनी पाळला.

तर त्या देखण्या सागवानी दरवाजाला कडी नव्हती. रात्री आतून दुधाचा कॅन पाण्यानं भरून टेकवायचे. वारं सुटलं की कॅन सरकायचा, दार उघडायचं आणि शेजाऱ्याची शेळी आत येऊन बसायची. वास्तुशांतीला भटजींनी "दार लावून घ्या" म्हटलं, तर तिघा पाहुण्यांना पूजाभर दाराला पाठ लावून बसावं लागलं.

आणि मिस्त्री रोज संध्याकाळी यायला लागले. बोजा बघायला. आता त्यांना त्या घरात काम होतं! येताना बिजागरीला तेल घालायचे, दार उघडझाप करून पाहायचे, मग उंबऱ्यावर बसायचे. शांताबाई चहा द्यायच्या. भाऊ अंगणात बांधलेल्या म्हशीपाशी असायचे. दोघं एकमेकांशी बोलत नसत. मिस्त्री दाराशी बोलायचे, "काय रं, पावसात फुगलास का? कुनी नीट वापरतं का न्हाई तुला?" भाऊ म्हशीला सांगायचे, "बाय, ह्या घरात सगळं नीट वापरत्यात. कडीच न्हाई, त्याला आमी काय करनार?" दार गप्प, म्हैस गप्प. शांताबाई मला म्हणायच्या, "ताई, मला तर कधी कधी वाटतं म्हैसच उत्तर देईल."

कित्येक महिने असं चाललं. दुधावर भाऊंनी सगळ्यांचं हळूहळू भागवलं. मिस्त्रींचे पैसे शांताबाईंच्या हातून दिले. मिस्त्रींनी घेतले आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात आले. चेहरा उतरलेला.

"ताई, नोटीस मागं घ्यायचा कागद करा. येत्या रविवारी चर्चनंतर कडी लावायला येतोय, आधी कळवतोय, असं लिवा." मी लिहिलं. नमस्काराला आल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "नमस्कार जरा मोठ्या अक्षरात येतो का?"

कागद पोचला आणि भानुदासभाऊ दुकानात हजर. पाचर मारलेल्या खुर्चीत बसले.

"उत्तर टाईप कर," म्हणाले. "याकोब यास नोटीस देण्यात येते की, त्यानं माझ्या दरवाजाला कडी लावू नये. लावायला आल्यास दारात उभा करणार नाही."

"भाऊ, पैसे फिटले ना? मग आता का?"

भाऊंनी कचेरीच्या फाटकाकडे तोंड वळवलं. "कडी लागली की त्याचं काम संपलं. काम संपलं की तो यायचा न्हाई. शाळंपासनं बघतोय मी त्याला. बिगर कामाचं कुनाच्या घरी जाता येत न्हाई त्या येड्याला." मग की-बोर्डकडे बोट करून म्हणाले, "आन् खाली नमस्कार लिही. त्याच्यापेक्षा मोठा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. ही एकच नोटीस मी फुकट टाईप केली.

रविवारी चर्चनंतर मिस्त्री गेलेच. नोटीस घेऊन गेले. मी स्कूटीवरून मुद्दाम त्या रस्त्यानं गेले, तर दोघं उंबऱ्यावर बसून एकमेकांवर ओरडत होते. तोंडासमोर तोंड. म्हैस बिनघोर रवंथ करत होती.

पुढे मिस्त्रींचा हात थरथरायला लागला. रंधा हातात धरवेना. रूथ त्यांना नगरला न्यायला आली. त्या दिवशी मीही स्टँडवर गेले होते. नगरची गाडी लागली. रूथनं बापाला खिडकीशी बसवलं. खाली भानुदासभाऊ उभे होते, दुधाचा वास येणाऱ्या सदऱ्यात.

मिस्त्रींनी खिशातून ती कडी काढली आणि खिडकीतून हात बाहेर केला. "भान्या, घे. आता मी काय येनार हाय? कुनाकडनं तरी लावून घे. शेळी येती घरात."

भाऊंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, शाळेत छडी चुकवणाऱ्या मुलासारखे. "न्हाई घ्यायची."

"आरं, घे!"

"तुझा हक्क हाय. पोरीच्या नावावर कर. पुढं तिला येऊ दे बघायला."

"तुला अक्कल न्हाई."

"नोटीस दिलीया मी तुला!"

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. मिस्त्रींचा थरथरता हात तसाच खिडकीबाहेर होता, त्यात ती पितळी कडी उन्हात चमकत होती, आणि ते ओरडत होते, "घे, म्हनतो ना! घे!" भाऊ गाडीबरोबर चार पावलं चालले. पण हात काही पाठीमागून काढले नाहीत.

गाडी वळली. भाऊंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून रागानंच म्हणाले, "बघितलंस? बिजागरीला तेल घालायचंबी सांगितलं न्हाई त्यानं."